कोयनेचे पाणी आणि दाभोळचा वायू : सातारा-सांगलीच्या वीजइतिहासाची एक बाजू

१

महाबळेश्वरी उगम पावणारी कोयना सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेस वळते आणि कराड येथे कृष्णेस मिळते. हा तिचा निसर्गसिद्ध मार्ग होय. १९६२ सालापासून तिला दुसरा एक मार्ग लाभला. देशमुखवाडीच्या धरणाने अडविलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेस नेले जाते. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात ते सुमारे ४७५ मीटर खाली कोसळते, पुढे कोळकेवाडीच्या जलाशयातून पुन्हा एकदा उतरते आणि अवजल म्हणून वाशिष्ठीत मिसळून चिपळूणवरून समुद्राकडे जाते. वाशिष्ठी जेथे समुद्रास मिळते, तेथे उत्तर तीरावर दाभोळचे जुने बंदर आहे. दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यातील अंजनवेलच्या परिसरात, महाराष्ट्रातील सर्वांत मोठे संयुक्त चक्र वायुविद्युत केंद्र उभे आहे.

एकाच प्रवाहाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला असलेल्या या दोन केंद्रांची स्थापित क्षमताही जवळजवळ सारखीच आहे. कोयनेचे सर्व टप्पे मिळून १,९६० मेगावॅट, तर दाभोळचे आजचे केंद्र १,९६७ मेगावॅट. असे असूनही दोहोंचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिला गेला आहे. कोयनेचा इतिहास धरणाचा, भूकंपाचा आणि औद्योगिक प्रगतीचा म्हणून सांगितला जातो, दाभोळचा एका परदेशी कंपनीच्या वादग्रस्त कराराचा म्हणून. दोन्ही इतिहास शेजारी ठेवून वाचले म्हणजे एक प्रश्न समोर येतो, आणि तो मुख्यतः सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांचा आहे : पूर्वेकडील शेताला हवे असलेले पाणी पश्चिमेस सोडून जी वीज मिळते, ती अन्य इंधनापासून मिळविता आली असती काय? आणि आली असती, तर हा प्रश्न योग्य वेळी का विचारला गेला नाही?

२

पाणी पश्चिमेस वळवून वीज निर्माण करण्याची कल्पना कोयनेच्या आधीची आहे. टाटांनी १९१५ साली खोपोली, १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा येथील वीजगृहे सुरू केली. तिन्ही ठिकाणी भीमेच्या खोऱ्यातील पाणी घाटाखाली सोडून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यात आली. भिऱ्याच्या केंद्रासाठी बांधलेल्या मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह प्रसिद्धच आहे. तो मुख्यतः बुडणाऱ्या जमिनींसाठी होता. खोऱ्याबाहेर जाणाऱ्या पाण्याचा हिशेब त्या काळी कोणी मांडला नाही. कोयनेची प्राथमिक पाहणीही टाटांनीच केली होती, परंतु पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत ती योजना मागे पडली.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याच्या सरकारने ती हाती घेतली आणि १९५४ साली कामास आरंभ झाला. त्या वेळी सांगली या नावाचा जिल्हा नव्हता. १९४९ साली संस्थानांच्या विलीनीकरणानंतर जो ‘दक्षिण सातारा’ जिल्हा बनविण्यात आला, त्यास १९६० साली सांगली हे नाव मिळाले. म्हणजे योजनेच्या आरंभी धरणाचे क्षेत्र आणि कृष्णाकाठचा खालचा प्रदेश एकाच नावाच्या दोन भागांत मोडत होते. कोयनेच्या उभारणीस जागतिक बँकेचे कर्ज मिळाले. १९६२ साली पोफळीचे पहिले जनित्र फिरू लागले. दुसरा टप्पा त्याच वीजगृहात भर घालून पुरा झाला आणि तिसरा अलोरे येथे १९७५ नंतर कार्यान्वित झाला. दरम्यान ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले व सुमारे १८० माणसे मृत्यू पावली. धरण दुरुस्त होऊन टिकले. जलाशयाखाली गेलेल्या गावांतील हजारो कुटुंबे मात्र अनेक जिल्ह्यांत विखुरली आणि त्यांपैकी कित्येकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अर्धशतकानंतरही सुटलेला नव्हता.

आरंभीच्या काळात कोयना हाच महाराष्ट्राच्या वीजपुरवठ्याचा कणा होता. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाजवळ मोठी औष्णिक केंद्रे नव्हती. म्हणून कोयनेची जनित्रे रात्रंदिवस चालत. विदर्भात कोराडी, चंद्रपूर इत्यादी कोळशाची केंद्रे उभी राहिल्यावर ही स्थिती पालटली. दिवसभर सारखी राहणारी मागणी, म्हणजे पायाभार, कोळशाने उचलला आणि कोयनेकडे सकाळ-संध्याकाळची वाढीव मागणी, म्हणजे शिखरभार, आला. बाष्पित्र तापवून कोळशाचे केंद्र पूर्ण क्षमतेला आणण्यास कित्येक तास लागतात, तर पाण्याचे जनित्र काही मिनिटांत भार घेते. या गुणाचाच पूर्ण उपयोग करण्यासाठी चौथा टप्पा आखला गेला. १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाशी सुरुंग उडवून, धरण रिकामे न करता, पाणी बोगद्यात घेण्यात आले. ‘लेक टॅपिंग’ या नावाने महाराष्ट्रभर परिचित झालेला आशियातील हा पहिलाच प्रयोग होय. त्या टप्प्यातील प्रत्येकी २५० मेगावॅटच्या चार जनित्रांनी कोयनेची शक्ती दुपटीहून अधिक वाढविली. पाणी मात्र वाढले नाही. तेच पाणी थोड्या तासांत, अधिक जोराने, अधिक मोलाच्या वेळी वापरता येऊ लागले इतकेच.

३

पाणी वाढविता येत नव्हते याचे कारण कृष्णा पाणीतंटा लवादाच्या निवाड्यात आहे. १९६९ साली नेमलेल्या आणि न्यायमूर्ती बच्छावत यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लवादाने १९७३ मध्ये अहवाल दिला. १९७६ साली निवाडा अंतिम झाला. महाराष्ट्राच्या वाट्यास ५६० टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी आले. कोयनेतून पश्चिमेस वळविण्याच्या पाण्यावर लवादाने टप्प्याटप्प्याने उतरती मर्यादा घातली व ती शेवटी वर्षाला ६७.५ टीएमसीवर आणली. ही कमाल मर्यादा होय. तेवढे पाणी वळविलेच पाहिजे असा आदेश त्यात नाही, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

या आकड्याचा अर्थ साध्या गणिताने स्पष्ट होतो. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी. ते पोफळी आणि अलोरे येथे मिळून सुमारे ५८५ मीटर उतरते असे धरले आणि यंत्रांतील घट वजा केली, तर त्यापासून ढोबळमानाने ४ कोटी युनिट वीज मिळते. ६७.५ टीएमसीची वीज वर्षाला सुमारे २७० कोटी युनिट होते. म्हणजे १,९६० मेगावॅटची ही सर्व यंत्रसामग्री सरासरीने दिवसाला चार तासांहून कमी वेळच पूर्ण शक्तीने चालू शकते. तिच्या वेगामागे पाण्याची ही टंचाई दडलेली आहे.

आता पूर्वेकडे पाहावे. तेच एक टीएमसी पाणी शेतावर पसरल्यास सुमारे २,८३० हेक्टर जमिनीवर एक मीटर खोलीचा थर देते. कृष्णाकाठी पाणी वापरण्याची परंपरा जुनी आहे. कराडजवळच्या खोडशी बंधाऱ्यावरून निघालेला कृष्णा कालवा एकोणिसाव्या शतकातील आहे. १९१० साली औंध संस्थानात वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून पुढे पंप बाहेर पडू लागले आणि विजेचे जाळे पसरल्यावर नदीकाठचा ऊस पंपावर पोसला गेला. तथापि नदीपासून दूर आणि उंचावर असलेले खटाव-माण, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ व जत हे तालुके कोरडेच राहिले. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजना त्यांच्यासाठी आखण्यात आल्या. १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि लवादाने दिलेल्या मुदतीत आपला वाटा अडविण्याच्या घाईने रोख्यांद्वारे भांडवल उभारून या कामांना वेग देण्यात आला.

उपसा योजना म्हणजे जलविद्युत केंद्राची उलटी क्रिया. एक टीएमसी पाणी १०० मीटर उंच चढविण्यास, पंपांची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास, सुमारे १ कोटी १० लाख युनिट वीज लागते. टेंभूचे पाणी टप्प्याटप्प्याने याच्या कित्येक पट उंचीपर्यंत चढवावे लागते. म्हणजे सातारा जिल्ह्यात पश्चिमेस सोडलेले पाणी वीज देते आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेस चढविलेले पाणी वीज खाते. पंप उभे राहिले, कालवे झाले, परंतु थकलेल्या वीजबिलांमुळे आवर्तने बंद पडण्याचे प्रसंग वारंवार आले. अखेर बिलाचा मोठा वाटा सरकारला स्वतःकडे घ्यावा लागला. विजेचा भाव ही दुष्काळी तालुक्यांच्या दृष्टीने पाण्याइतकीच निर्णायक गोष्ट ठरली, ती यामुळे.

४

याच दशकात वाशिष्ठीच्या मुखाशी दुसरे नाट्य घडत होते. ते समजण्यासाठी संयुक्त चक्र पद्धतीचे स्वरूप थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. वायू टर्बाइनमध्ये दाबलेल्या हवेत इंधन जाळून निघणारा तप्त झोत पाती फिरवितो. या यंत्रातून बाहेर पडणारा धूर तरीही पाचशे अंश सेल्सिअसहून अधिक तापलेला असतो. एकट्या टर्बाइनमध्ये इंधनातील उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भागच विजेत उतरतो. तो धूर बाष्पित्रावर सोडून वाफ केली आणि त्या वाफेवर दुसरे टर्बाइन चालविले, म्हणजे त्याच इंधनापासून जवळजवळ दीडपट वीज मिळते व कार्यक्षमता ५० टक्के किंवा त्याहून वर जाते. दोन आवर्तने जोडली जातात म्हणून हे संयुक्त चक्र.

महाराष्ट्रास ही पद्धत दाभोळच्या आधीच परिचित होती. १९७४ साली मुंबई हायचे तेलक्षेत्र सापडले. तेथील वायू किनाऱ्यावर आणून १९८२ पासून उरण येथे वायू टर्बाइने चालविण्यात आली. १०८ मेगावॅटच्या चार टर्बाइनांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर पुढे १२० मेगावॅटचे दोन वाफेचे संच बसविले गेले आणि उरणचे ६७२ मेगावॅटचे संयुक्त चक्र केंद्र सिद्ध झाले. मंडळाच्या अभियंत्यांनी चालविलेले, देशी वायूवर अवलंबून असलेले आणि गरजेनुसार वाढविलेले असे हे केंद्र होते. त्याची मर्यादा एकच होती : वायूचा पुरवठा क्षमतेच्या मानाने नेहमीच अपुरा पडे.

दाभोळचा मार्ग अगदी वेगळा होता. खाजगी वीजनिर्मितीस मुक्तद्वार मिळाल्यावर जून १९९२ मध्ये एन्‍रॉन कंपनीशी प्राथमिक करार झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये मंडळाने दाभोळ पॉवर कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. पहिला टप्पा नॅफ्थ्यावर आणि नंतरचे उत्पादन परदेशातून जहाजाने आणलेल्या द्रवरूप नैसर्गिक वायूवर, अशी योजना होती. वीज घेतली नाही तरी क्षमतेचा स्थिर आकार द्यावयाचा आणि इंधनाचा खर्च डॉलरच्या दराने फेडावयाचा, हे कराराचे मर्म होते. करार दीर्घकाळ गोपनीय राहिला. कोयनेला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेने एप्रिल १९९३ मध्ये या प्रकल्पास अर्थसाह्य नाकारले. आयात वायूचे एवढे मोठे केंद्र पायाभारासाठी चालविल्यास कोळशाची स्वस्त वीज बाजूला सारावी लागेल, असा तिच्या आक्षेपाचा आशय होता.

ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या राज्य सरकारने करार रद्द केला, परंतु फेरवाटाघाटीनंतर १९९६ साली तो पुन्हा झाला आणि एकूण क्षमता वाढून २,१८४ मेगावॅट ठरली. ज्या वर्षी कृष्णा खोरे महामंडळाने उपसा योजनांसाठी रोखे काढण्याचा मार्ग पत्करला, त्याच वर्षी मंडळाने ही बांधिलकी पुन्हा शिरावर घेतली. एकीकडे विजेचा प्रचंड, पण पैसे देण्यास असमर्थ असा ग्राहक निर्माण होत होता, तर दुसरीकडे सर्वांत महाग विजेचा करार होत होता. या दोन निर्णयांची सांगड घातली गेली नाही.

मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. कोयनेच्या चौथ्या टप्प्याचे लेक टॅपिंग होऊन त्या वेळी दोन महिने झाले होते. तेलाचे भाव चढले, रुपया घसरला आणि मंडळ वीज कमी घेऊ लागले. स्थिर आकार थोड्याच युनिटांवर विभागला गेल्याने काही महिन्यांत दाभोळची वीज युनिटला सात रुपयांच्या पुढे गेली. जानेवारी २००१ मध्ये मंडळाने बिलांची फेड थांबविली. माधव गोडबोले समितीने एप्रिल २००१ मध्ये करारावर कठोर टीका केली आणि मेअखेर केंद्र बंद पडले. दुसऱ्या टप्प्याचे जवळजवळ पुरे झालेले काम तसेच राहिले. डिसेंबर २००१ मध्ये मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली. २००५ साली सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांनी ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ या नावाने केंद्र ताब्यात घेतले व २००६ पासून ते पुन्हा चालू केले. २०१३ साली कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील देशी वायूचा पुरवठा थांबल्यावर ते पुन्हा बंद पडले. २०१५ अखेरीपासून काही वर्षे त्याचा एक भाग रेल्वेला वीज पुरविण्यापुरता चालला.

५

दाभोळच्या अपयशाची मीमांसा सामान्यतः भ्रष्टाचार, परकीय भांडवल आणि राजकीय चंचलता या तीन सूत्रांनी केली जाते. त्यांत तथ्य आहे, पण ती पुरेशी नाही. मेगावॅट हे केंद्राच्या शक्तीचे माप आहे, उपयोगाचे नव्हे. ९० टक्के भारांकाने चालविल्यास २,१८४ मेगावॅटच्या दाभोळपासून वर्षाला सुमारे १,७२० कोटी युनिट मिळावयाची होती. तितक्याच सुमाराच्या क्षमतेची कोयना २७० कोटी युनिट देते. दोहोंची कामे भिन्न होती. महाराष्ट्रात कोळसा पायाभार उचलत होता आणि कोयना शिखरभार. आयात वायूसारखे महाग इंधन परवडते ते थोड्या तासांच्या मोलाच्या विजेसाठी. दाभोळला मात्र करारानेच अखंड चालणाऱ्या केंद्राची भूमिका दिली. जेथे वायू शोभला असता ती जागा कोयनेने व्यापली होती आणि जेथे त्यास बसविले तेथे कोळसा स्वस्त होता.

येथेच सातारा-सांगलीच्या दृष्टीने मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. संयुक्त चक्र केंद्रात एक घनमीटर वायूपासून सुमारे ५ युनिट वीज मिळते. म्हणजे कोयनेचे एक टीएमसी पाणी पश्चिमेस न सोडता तेवढी वीज करावयाची, तर सुमारे ८० लाख घनमीटर वायू लागेल. सर्वच्या सर्व ६७.५ टीएमसीसाठी वर्षाला सुमारे ५४ कोटी घनमीटर, म्हणजे द्रवरूपात सुमारे ४ लाख टन वायू पुरेल. दाभोळचे वायू उतरविण्याचे स्थानक वर्षाला ५० लाख टनांसाठी आखलेले होते. त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही हे कमी आहे. वाचलेल्या प्रत्येक टीएमसीच्या मागे माणदेशात किंवा जत भागात उभे पीक राहू शकते, हे लक्षात घेता ही तुलना केवळ गणिती कुतूहलाची राहत नाही.

तथापि तिच्या मर्यादाही स्पष्ट मांडल्या पाहिजेत. पाण्याला इंधनाचा भाव नाही, वायूला आहे, आणि तो डॉलरमध्ये आहे. पाण्याचे जनित्र मिनिटांत भार घेते. संयुक्त चक्रातील वायू टर्बाइन लवकर सुरू होत असले तरी बाष्पित्र व वाफेचा संच पूर्ण भारावर येण्यास तास लागतात, आणि रोजच्या चालू-बंदने यंत्राचे आयुष्य घटते. पूर्वेस राखलेले पाणी उंचावर नेण्यासही पुन्हा वीजच लागते. शिवाय २००५ आणि २०१९ सालच्या महापुरांत सांगलीने पाहिल्याप्रमाणे, पावसाळ्याच्या ऐन भरात पश्चिमेचा मार्ग बंद ठेवणे कृष्णाकाठास हितकारक नाही. सर्व पाणी पूर्वेकडे वळविण्याची मागणी म्हणूनच शास्त्रीय कसोटीस उतरत नाही. अवर्षणाच्या वर्षी काही टीएमसी पाणी राखून त्या शिखरभाराची वीज वायूपासून घ्यावी, अशी मर्यादित देवघेव मात्र शक्य कोटीतील होती.

तशी देवघेव करावयाची, तर नदी, वीज आणि इंधन यांचा हिशेब एका वहीत मांडला जावयास हवा होता. प्रत्यक्षात पाण्याचा हिशेब लवादापुढे राज्याराज्यांतील वाटणी म्हणून झाला, विजेचा मंडळाच्या कचेरीत मेगावॅटच्या तुटवड्याचा म्हणून आणि वायूचा एका गोपनीय करारात परताव्याच्या दराचा म्हणून. जतच्या शेतकऱ्याला तिन्ही हिशेबांचा परिणाम भोगावा लागला, पण त्याचे नाव त्यांपैकी एकाही वहीत नव्हते. कोयनेचे अवजल आजही बहुतांशी न वापरता वाशिष्ठीतून वाहत जाऊन अंजनवेलच्या त्या केंद्रासमोर समुद्रास मिळते. महाराष्ट्राच्या वीजधोरणाचा इतिहास लिहिणाऱ्यास प्रत्येक केंद्राची क्षमता आणि भांडवल यांबरोबरच, त्याने कोणत्या वेळची वीज दिली आणि त्यासाठी कोणत्या खोऱ्याने काय सोडले, याचीही नोंद करावी लागेल. या नोंदीवाचून कोयनेचे यश आणि दाभोळचे अपयश या दोहोंचेही मूल्यमापन अपुरे राहील.